जुनी स्पोर्ट्‌स कार घेतलीत? पहिला पैसा कुठे घालायचा

जुनी स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्यांचे प्रश्न गाडीगणिक फारसे बदलत नाहीत. गाडी दारात येते, सोसायटीतली मुले भोवती जमतात, पेढे वाटून होतात आणि मग सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मित्र म्हणतो अलॉय बदल, विकणारा म्हणतो ‘कंडिशन एक नंबर, फक्त पेट्रोल घाला’, आणि ओळखीचा मेकॅनिक सांगतो की चालतेय तोवर हात लावू नका. यातला एकही सल्ला ऐकण्यासारखा नाही.

एक हिशेब आधी डोक्यात पक्का करा. पंधरा-वीस वर्षांत गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पोर्श बॉक्स्टर आज एखाद्या नव्या एसयूव्हीच्या भावात मिळाली, तरी तिचा रेडिएटर, क्लच आणि ब्रेक डिस्क पोर्शच्याच भावात येतात. त्यामुळे खरेदीच्या रकमेचा निदान चौथा हिस्सा पहिल्या सहा महिन्यांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तेवढे शिल्लक नसेल, तर गाडी तुमच्या बजेटमध्ये बसली असे समजू नका.

कामांचा क्रम मात्र सोपा आहे. गाडी थांबली पाहिजे. तिने पेट घेता कामा नये, तापता कामा नये. इंजिन आतून फुटता कामा नये. पावसाचे पाणी आत शिरता कामा नये. रंग, सीटचे लेदर, सायलेन्सरचा आवाज हे सगळे त्यानंतर.

आधी कागद, मग पाना

दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत लाखभर रुपये घालू नका. चेसिस नंबर आरसीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. फोटोवर विसंबू नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि राज्याबाहेरच्या व्यवहारात पंचेचाळीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. गाडीवर कर्ज होते का ते आरसीवर दिसते. हायपोथिकेशन उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र लागते.

विम्याबाबत मोठा गैरसमज आहे. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करा. गॅरेजच्या वाटेवर ठोकर बसली आणि पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर असली, तर तुमच्या दाव्याला फारसा अर्थ उरत नाही.

वयही पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते, आणि मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरता येतो. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांचे नूतनीकरण शुल्क बरेच वाढले आहे. साध्या मोटारीला दहा हजार रुपये, तर आयात म्हणून नोंदलेल्या चारचाकीला ऐंशी हजार, शिवाय जीएसटी. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. तेव्हा तुमच्या आरसीवर गाडी आयात आहे की भारतात बनलेली, हे आजच वाचून ठेवा.

दिल्लीतली स्वस्त गाडी घेण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे भाव पडले, हे खरे. पण तिथली एनओसी, इथला रस्ता कर आणि पुन्हा पासिंग धरले की स्वस्ताई बरीच विरघळते.

पहिल्या रविवारी लोणावळा नको, लिफ्ट हवी

गाडी घेतल्यावर पहिली फेरी गॅरेजपर्यंत, तीही शक्यतो फ्लॅटबेडवरून. तासाभरासाठी गाडी लिफ्टवर चढवा आणि स्वतः खाली उभे राहा. मोबाइलने प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. पुढे गॅरेजशी वाद झाला तर हेच फोटो कामाला येतात.

खालून एवढे नक्की पाहा:

- ऑइल कुठून गळते आहे: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून, की वरून ओघळत आले आहे
- ब्रेकचे रबरी पाइप: चिरा, फुगवटा, ओल
- टायरची आतली कड. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारेपर्यंत झिजलेला सापडतो
- ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आले आहे का
- चेसिसवर वेल्डिंगच्या खुणा किंवा ताजा काळा रंग. नवा काळा रंग गंज झाकायलाही मारतात

लिफ्टवरून उतरली की स्कॅनर लावा. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इंजिनचे सर्वसाधारण कोड दाखवतो. एअरबॅग, एबीएस, इमोबिलायझर यांचे कोड बहुतेक वेळा दाखवत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांना व्हीसीडीएस आणि पोर्शला ड्युरामेट्रिक ही साधने असलेले गॅरेज शोधा. ड्युरामेट्रिकचा विशेष असा की बॉक्स्टरचे इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले, याची नोंद ते वाचून दाखवते. चुकीचा गिअर टाकून कुणी इंजिन किंचाळवले असेल, तर विक्रेता सांगणार नाही. गाडी सांगते.

मुंबईत जुलै २००५ च्या आधी पासिंग झालेली गाडी असेल तर आणखी एक तपासणी करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. चिखलाची रेघ तिथे वर्षानुवर्षे राहते. सीटच्या रुळांवरचा गंज आणि कार्पेटखालच्या वायरिंग सॉकेटमधली हिरवट पूडही तेच सांगते. २०१९ च्या पुरानंतरच्या सांगली-कोल्हापूरच्या गाड्यांनाही हीच परीक्षा लावा.

गाडी थांबते का?

इथे घासाघीस करू नका. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्‌स गाड्या कमी चालतात, त्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी शाबूत असते आणि रबर मेलेले असते. ओल्या रस्त्यावर असा टायर लाकडासारखा वागतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही उरलेली असो, टायर बाद, हे मोठ्या टायर कंपन्यांचे सांगणे आहे. स्टेपनीचे वयही पाहा.

टायर घेताना माप जुळणे पुरेसे नाही. बॉक्स्टरला पुढे आणि मागे वेगळ्या रुंदीचे टायर लागतात. टायरच्या मापाच्या शेवटी असलेले अक्षर वेगमर्यादा सांगते: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. तुम्ही त्या वेगाने जाणार नाही, जाऊही नये. पण कारखान्याने वाय सांगितले असताना एच बसवला, तर अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बोलायला मुद्दा मिळतो.

आता ब्रेक ऑइल. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डीओटी ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. बोरघाट किंवा खंबाटकी उतरताना सारखा ब्रेक दाबला, तर एवढे तापमान सहज येते. तेलातले पाणी उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात म्हणून पॅडल थेट तळाला जाते. गावात फिरताना ज्या ब्रेकबद्दल काहीच तक्रार नव्हती, तोच घाटात हात वर करतो. म्हणून सर्व्हिस बुकात काहीही लिहिलेले असो, ब्रेक ऑइल पहिल्याच भेटीत पूर्ण बदला आणि पुढे दर दोन वर्षांनी.

त्याच भेटीत रबरी ब्रेक पाइपही बदला. जुना पाइप कधी कधी आतून फुगतो. दाब जातो पण परत येत नाही. मग एक चाक सतत घासत राहते, गाडी एका बाजूला ओढते, आणि दोष अलाइनमेंटला दिला जातो. चक्कर मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा, हात लावू नका. एकच चाक जास्त तापले असेल तर कारण बहुधा हेच, नाहीतर कॅलिपरची पिन अडकलेली असते. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून ‘सरळ’ करून घेणे म्हणजे धोका विकत घेणे.

पेट्रोलच्या नळ्या आणि ई-२०

देशात आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. २००४-०५ मध्ये बनलेली गाडी या मिश्रणासाठी आखलेली नव्हती. इथेनॉल पाणी ओढते, आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते, मऊ पडते, पुढे चिरते. तुमची गाडी वर्षभर पार्किंगमध्ये उभी असेल तर टाकीतले पेट्रोल आधी काढून टाका; सुरू करून ‘संपवू’ नका.

इंजिनच्या आसपासच्या सगळ्या पेट्रोल नळ्या हाताने दाबून पाहा. कडक झालेली, चिरलेली किंवा चिकट लागणारी नळी बदलायचीच. नवी नळी इंजेक्शन गाडीच्या दाबाला आणि इथेनॉलला टिकणारी हवी. एसएई जे३० आर९ असा शिक्का असलेली मागा. स्कूटरच्या दुकानातली मीटरवर मिळणारी काळी नळी या कामाची नाही. क्लिपही रबर न कापणाऱ्या गोल कडेच्या घ्या. हे सगळे मिळून काही हजारांचे काम आहे, आणि गाडी जळण्याचे एक मोठे कारण त्याने दूर होते. दुसरे कारण म्हणजे आधीच्या मालकाने बसवलेली म्युझिक सिस्टिम आणि दिवे यांची उघडी, फ्यूजविना जोडलेली वायरिंग. ती शोधून उपटून काढा. गाडीत एक किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक ठेवा, डिकीच्या तळाशी नाही, हात पोचेल असे.

ऑक्टेनचा आकडा टाकीच्या झाकणाच्या आत छापलेला असतो. आपल्याकडे साध्यापेक्षा जास्त ऑक्टेनचे पेट्रोल प्रीमियम म्हणून विकले जाते. झाकणावर ९५ किंवा ९८ लिहिले असेल तर दर लिटरमागे वाचवलेले पैसे इंजिनच्या खाती उधार पडतात.

काटा वर गेला तर

मुंबई-पुण्याच्या वाहतुकीत जुन्या स्पोर्ट्‌स गाडीला सर्वांत जास्त छळते ती उष्णता. पंधरा-वीस वर्षांचे प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि कूलिंगची निम्मी यंत्रणा प्लॅस्टिकची असते.

बॉक्स्टरमध्ये कूलंटची एक्स्पान्शन टाकी मागच्या डिकीत आहे आणि ती तडकते. डिकीतले कार्पेट ओले आणि गोडसर वासाचे लागले तर टाकी गेली समजा. तिचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांमागे आहेत. तिथे वर्षानुवर्षांची वाळकी पाने, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि धूळ साचते. बंपर काढून ती साफ करणे हे निव्वळ मजुरीचे काम आहे, आणि त्याचा फरक काट्यावर लगेच दिसतो. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसच्या वॉटर पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा असतो. तो तुटला की पंप फिरताना दिसतो, पाणी मात्र फिरत नाही.

कूलंटबद्दल एवढेच सांगायचे की नळाचे पाणी नको. विहिरीचे, बोअरचे तर मुळीच नको; क्षाराचे थर बसतात. जुने कूलंट पूर्ण काढून, डिस्टिल्ड पाणी आणि कारखान्याने सांगितलेल्या प्रतीचे कूलंट भरा. हिरवे, गुलाबी, निळे एकमेकांत मिसळू नका. थर्मोस्टॅट, कॅप आणि सगळे होज त्याच वेळी नवे घाला. मग एसी लावून गाडी उभ्या जागी वीस मिनिटे चालू ठेवा आणि पंखे लागतात का ते कानांनी ऐका. बॉक्स्टरच्या पंख्यांचा कमी वेगाचा रेझिस्टर जळणे नेहमीचे आहे. तेव्हा पंखा फक्त जास्त वेगावर, उशिरा लागतो.

काटा लाल खुणेकडे गेला तर ‘पुढच्या सिग्नलपर्यंत’ म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टोचन बोलवा. कूलंटच्या टाकीचे झाकण गरम असताना उघडू नका.

इंजिनचे पोट: पट्टा, बेअरिंग आणि ऑइल

इथे गाडीनुसार उत्तर बदलते, आणि सर्वांत जास्त पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो.

औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाने ऑक्टेव्हिया जोडायला घेतली आणि २००४ मध्ये भारतात तिची आरएस आवृत्ती आली: १.८ लिटरचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती. ही चार दारांची गाडी. काटेकोरपणे स्पोर्ट्‌स कार म्हणता येणार नाही, पण तरुण मराठी घरांत जुन्या वेगवान गाडीची सुरुवात अनेकदा तिच्यापासूनच होते. याच कुळातले इंजिन पहिल्या पिढीच्या ऑडी टीटीतही आहे. त्याला टायमिंग बेल्ट असतो. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडावे लागते. बेल्ट कधी बदलला याचे बिल हातात नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरा. बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप चारही एकत्र बदला, कारण मजुरी एकदाच लागते. फक्त बेल्ट बदलून पंप जुना ठेवणाऱ्या गॅरेजला नम्रपणे रामराम करा.

याच इंजिनची इग्निशन कॉइल हा दुसरा प्रसिद्ध दोष. गाडी झटके देऊ लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकला तर ॲक्सिलरेटर सोडा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. एक जादा कॉइल डिकीत ठेवली की रस्त्यावर दहा मिनिटांत बदलता येते.

बॉक्स्टर, केमन आणि त्या काळातल्या ९११ मध्ये टायमिंगला साखळी आहे, पण तिच्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग बदनाम आहे. ‘आयएमएस’ या नावाने ते जगभर ओळखले जाते. बेअरिंग तुटले तर इंजिन संपते. अमेरिकेत साधारण २००१ ते २००५ मधल्या गाड्यांवरून पोर्शविरुद्ध सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. म्हणून प्रत्येक गाडीचे बेअरिंग जाईल असे नाही. बहुतेक इंजिने ते घेऊनच आयुष्य काढतात. निर्णय असा घ्या:

- २००५ पर्यंतचे इंजिन असेल, तर क्लच बदलताना बेअरिंगही बदला. गिअरबॉक्स तेव्हा खाली उतरलेलाच असतो. मागचे ऑइल सीलही त्याच खर्चात होते.
- २००६ ते २००८ च्या इंजिनांत मोठे बेअरिंग आहे. ते इंजिन न उघडता बदलता येत नाही, आणि सहसा बदलावे लागत नाही. निव्वळ भीतीपोटी इंजिन उघडू नका.
- २००९ पासूनच्या नव्या इंजिनांत हा शाफ्टच नाही. कुणी ‘आयएमएस करून देतो’ म्हणाला तर दुसरे गॅरेज बघा.

गाडी नेमक्या कुठल्या इंजिनाची आहे हे इंजिन नंबरावरून ठरवा. पासिंगचे साल फसवते, कारण गाड्या शोरूममध्ये वर्षभर उभ्या राहत.

ऑइल बदलणे सगळ्यांनाच लागू. पण जुने फिल्टर फेकून देऊ नका. बॉक्स्टरमध्ये फिल्टर कागदी आहे. त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर उलगडून उन्हात पाहा. चकाकणारे, चुंबकाला चिकटणारे कण दिसले तर गाडी पुढे चालवू नका. तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे साखळीच्या गाइडचे असतात. नवे ऑइल घेताना डब्यावरची मान्यता पाहा: पोर्शसाठी ए४०, या स्कोडासाठी व्हीडब्ल्यू ५०२ ००. ब्रँड कोणता, हा त्यानंतरचा प्रश्न.

गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभर’ चालते असे कंपन्या लिहीत. ते आयुष्य कुणाचे, हे त्यांनी लिहिले नाही. बदला. दुसऱ्या पिढीच्या टीटीतल्या सहा गिअरच्या डीएसजीला तर दर साठ हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर लागतेच.

जूनच्या आत

उघडझाप होणारे छप्पर असलेली गाडी कोरड्या देशांत फारसा त्रास देत नाही. आपल्याकडे चार महिने परीक्षा असते. बॉक्स्टरच्या छपराच्या बिजागरीजवळ दोन्ही बाजूंना पाणी वाहून जाण्याची भोके आहेत. पानांनी ती तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरते, आणि इमोबिलायझरचा कंट्रोल बॉक्स सीटखाली कार्पेटवर बसवलेला आहे. तो भिजला की गाडी चावी ओळखत नाही. लवचिक प्लॅस्टिकची नळी घालून भोके मोकळी करायला पंधरा मिनिटे लागतात. नवा बॉक्स आणि त्याचे कोडिंग यांचा खर्च विचारूच नका. हवेच्या दाबाने भोके फुंकू नका, आतली नळी सांध्यातून सुटते.

ऑक्टेव्हियाला छपराची अडचण नाही, पण वायपरखालच्या पोकळीचे ड्रेन तुंबले की पाणी पुढच्या पायदानात येते. परदेशात राहणाऱ्या आणि माझदा एमएक्स-५ घेतलेल्या वाचकांनीही छपराचे ड्रेन तपासावेत. त्यात पाणी तुंबल्याने मागच्या चाकापुढचा सिल आतून गंजतो, आणि रंगावर फोड दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो.

उंदरांचे काय? पावसाळ्यात उभी गाडी त्यांना ऊबदार घर वाटते. बॉनेट किंवा इंजिनचे कप्पे दर आठवड्याला उघडून पाहणे, हाच भरवशाचा उपाय.

जे थांबू शकते

सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, शॉकॲब्जॉर्बर यांची खडखड त्रासदायक असते, पण स्टिअरिंगला खेळ नसेल तर हे काम दोन-तीन महिने पुढे ढकलता येते. मात्र बुश बदलण्याआधी अलाइनमेंटवर पैसे घालवू नका. एसीचा गॅस, सेंट्रल लॉक, काचेची मोटर, स्पीकर हे त्याहून मागे.

इंजिन रिमॅप आणि मोठा सायलेन्सर यांना पहिल्या वर्षी हातही लावू नका. जुन्या टर्बोत दाब वाढवला की सर्वांत कच्ची कडी आधी तुटते, आणि ती कुठली हे तुम्हाला अजून माहीत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आणि जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. आधीच्या मालकाने केलेला बदलसुद्धा पोलिसांच्या आणि विमा कंपनीच्या लेखी आता तुमचाच.

सुटे भाग: डबा नको, नंबर पाहा

कार कंपनी बहुतेक भाग स्वतः बनवत नाही. सेन्सर आणि कॉइल बॉशचे, क्लच सॅक्सचा, सस्पेन्शन आर्म लेमफोर्डरचे, ब्रेक आटे किंवा ब्रेम्बोचे असतात. तोच भाग कार कंपनीच्या शिक्क्याविना, बऱ्याच कमी किमतीत मिळतो. सतरा अक्षरांच्या चेसिस नंबरवरून भागाचा क्रमांक काढा आणि त्या क्रमांकानेच मागणी करा. ‘२००५ ची बॉक्स्टर’ एवढे सांगून आलेला भाग अर्ध्या वेळा बसत नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुने भाग मिळतात. दरवाजा, आरसा, दिव्याची काच, अलॉय यांसाठी तिथे जरूर जा. ब्रेक, टायर, एअरबॅग, सीटबेल्ट, पेट्रोल पंप या वस्तू मात्र वापरलेल्या कधीही घेऊ नका. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून हिशेब करा. जड भागांत बचत राहत नाही.

गॅरेजशी व्यवहार आणि तुमचे हक्क

मधे इंजिन असलेली बॉक्स्टर कधीच न उघडलेला मेकॅनिक कितीही हुशार असला, तरी तुमच्या गाडीवर शिकायला त्याला देऊ नका. काम देण्यापूर्वी जॉबकार्ड लिहून घ्या: काय काम, कुठले भाग, किती मजुरी, किती दिवस. ठरल्यापेक्षा जास्त काम निघाले तर आधी फोन, मग पाना, अशी ओळ त्यात घाला. काढलेले जुने भाग परत मागा. भाग आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारे जीएसटी बिल घ्या. ‘बिलाशिवाय एवढे कमी’ हा सौदा स्वीकारलात की पुढची तक्रार कमकुवत होते.

बिलावरून भांडण झाले तर एक गोष्ट माहीत असू द्या. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा अधिकार भारतीय करार कायद्याच्या कलम १७० ने कारागिराला दिला आहे. त्यामुळे दारात ठाण मांडून उपयोग नाही. आक्षेप लेखी नोंदवून, ‘निषेध नोंदवून रक्कम दिली’ असे लिहून गाडी सोडवा आणि मग तक्रार करा.

तक्रारीच्या वाटा अशा आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्याने मार्ग निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालते आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. गाडी डीलरकडून घेतली असेल, तर दडवलेल्या दोषांबद्दल त्याच्याविरुद्धही हाच मार्ग आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते पाहायला मागा. एका घरगुती मालकाकडून गाडी घेतली असेल तर तो व्यापारी नसल्याने ग्राहक आयोग सहसा उपयोगी पडत नाही. तिथे व्यवहाराच्या करारात काय लिहिले होते, त्यावर सगळे अवलंबून. ‘जशी आहे तशी’ एवढेच लिहिले असेल तर हात बांधलेले.

खर्च आवाक्याबाहेर जातोय असे दिसले तर

लिफ्टवरच्या पहिल्या तपासणीनंतर दोन आकडे समोर ठेवा: वर सांगितलेल्या कामांचा एकूण अंदाज, आणि तशीच पण नीट जपलेली गाडी बाजारात ज्या भावाला मिळते तो. तुमची खरेदी किंमत आणि अंदाज यांची बेरीज त्या भावाच्या पुष्कळ वर जात असेल, चेसिस वाकलेली असेल किंवा फिल्टरमध्ये धातूचे कण असतील, तर दोष लिहून देऊन गाडी विकून टाका. मात्र तो निर्णय इंजिन उघडण्याआधी घ्या. जोडलेल्या, सुरू होणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक मिळते. खोक्यांत भरलेल्या इंजिनाची गाडी भंगाराच्या भावाने जाते.